ब्रेकताई

ड्रायव्हिंग स्कूलला तीस वर्षं झाली म्हणून दादाने ऑफिसातली टेबलं भिंतीला सरकवून छोटासा समारंभ ठेवला होता. जुने-नवे विद्यार्थी, गॅरेजवाला, इन्शुरन्सवाला, शेजारचा झेरॉक्सवाला असे सगळे दाटीवाटीने उभे होते. दादा एकदा बोलायला उभा राहिला की त्याला खाली बसवणं अवघड. त्याने वडिलांचे आभार मानले, गॅरेजवाल्याचे मानले, खुर्च्या उसन्या देणाऱ्याचेही मानले. मग केक कापत असलेल्या बहिणीकडे हात करून म्हणाला, "आणि ही आमची ब्रेकताई! वीस वर्षं शिकवतेय. पण उभ्या आयुष्यात हिने एखाद्या सायकलीला तरी ओव्हरटेक केलं असेल, तर मला आणून दाखवा!"

हशा पिकला. झेरॉक्सवाल्याला तर ठसकाच लागला. तीही हसली. वीस वर्षं त्या नावाला ती हसतच आली होती. पण त्या दिवशी हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हातातल्या सुरीने आपण केकच्या खालचा पुठ्ठाही कापलाय.

वडिलांनी जाण्याआधीच शाळेचं ऑफिस दादाकडे दिलं आणि शिकवण्याची छोटी पांढरी गाडी तिच्याकडे. त्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक जादा ब्रेक होता. विद्यार्थ्याचा पाय चुकायच्या आत हिचा पाय त्या ब्रेकवर पोचलेला असायचा. तिच्या गाडीत कुणाला कधी खरचटलंसुद्धा नव्हतं. याचं कौतुक व्हावं असं तिला वाटे, तर दादाने त्याचं टोपणनाव करून टाकलं आणि ते गावभर झालं.

तेवढ्यावर भागलं असतं तर तिने तेही गिळलं असतं. पण दादा पुढे म्हणाला, "आता आपण हायवे कोर्स सुरू करतोय. वेगात गाडी कशी सांभाळायची ते शिकवायला बाहेरून एक तज्ज्ञ येणार आहेत." पुन्हा टाळ्या. तो कोर्स मी घेते म्हणून ती दादाच्या मागे लागून दमली होती. तज्ज्ञाची बातमी मात्र तिला झेरॉक्सवाल्याबरोबरच कळली.

पाहुणे पांगल्यावर तिने दादाला आतल्या खोलीत गाठलं.

"तो कोर्स मी मागितला होता."

"अगं, ते वेगळं काम असतं," दादा बशा गोळा करत म्हणाला. "वेगाचं. तू कधी शंभरच्या वर गेलीयेस का?"

"शेजारी बसून कशी जाणार? स्टिअरिंग कधी दिलंस माझ्या हातात?"

"हे बघ, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. तू आपल्या जागी उत्तमच आहेस."

'आपल्या जागी' हे शब्द तिच्या पोटात गेले आणि तिथेच जळत राहिले. त्या आठवड्यात तिने ॲसिडिटीच्या गोळ्यांची दोन पाकिटं संपवली.

तिसरं पाकीट घ्यायला गेली तेव्हा औषधांच्या दुकानाच्या मालकिणीने ते काउंटरवर ठेवलं, पण हात वरून काढला नाही. औषधवाली तिचीच जुनी विद्यार्थिनी. तीनदा लायसन्सच्या परीक्षेत नापास झालेली, चौथ्यांदा रडत रडत पास झालेली.

"बाई, या गोळ्या तुम्ही पोटासाठी घेता की भावासाठी?"

"तू गोळ्या दे."

"देते. पण रविवारी माझ्याबरोबर चला. जुन्या विमानतळावर आमच्या शर्यती असतात. गाड्यांच्या."

"तू? शर्यतीत?" बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला रिव्हर्स घेता येत नव्हता!"

"अजूनही फारसा येत नाही. तिथे लागत नाही." औषधवाली हसली. "धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडून नागमोडी रस्ता करतात. एका वेळी एकच गाडी सोडतात. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, नुसतं घड्याळ. शंकू पाडला की वेळेत दंड. चार फेऱ्या मिळतात, त्यातली सगळ्यात चांगली धरतात. गाडी कुठलीही चालते, मी दुकानाचा माल आणायची नेते."

बाई गोळ्या घेऊन निघाल्या, पायरीपर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "किती वाजता?"

वीस वर्षं गाडी शिकवणाऱ्या बाईची स्वतःची गाडी नव्हती. रविवारी शाळा बंद असे आणि पांढऱ्या गाडीची एक किल्ली तिच्याकडे असे. दादाला विचारायचं म्हणजे पुन्हा तेच दळण दळायचं. तिने विचारलं नाही.

विमानतळ कधीच बंद पडला होता. धावपट्टीच्या भेगांतून गवत वर आलेलं, वारा असा की टोपी हाताने धरून ठेवावी. बॉनेट उघडून लोक गाड्यांत डोकी घालून उभे होते. एका टोकाला टेबल, टेबलावर चहाचा थर्मास, त्याच्या पलीकडे गाड्यांची तपासणी. तपासायला एक म्हातारे निवृत्त वेल्डर होते. त्यांनी एकेक चाक हलवून पाहिलं, बॅटरी ओढून पाहिली आणि हुकूम सोडला, "आतलं सुटं सामान सगळं बाहेर."

तिने काढायला सुरुवात केली. छत्री. बुटक्या विद्यार्थ्यांसाठीची उशी. वाहतुकीच्या नियमांची पुस्तकं. पाण्याच्या अर्ध्या बाटल्या. रडणाऱ्यांसाठी टिश्यूचा डबा. कुणाच्या तरी पोराचा एकच बूट. वेल्डर कमरेवर हात ठेवून बघत होते.

"गाडी आहे की धर्मशाळा?"

"शाळा आहे," ती तुटकपणे म्हणाली.

"छतावरची पाटी पण काढा. आणि हे काय?" त्यांनी शेजारच्या सीटखाली वाकून पाहिलं. "दुसरा ब्रेक? याला शेजारी बसणाऱ्याने पाय लावायचा नाही."

"शेजारी कोण बसणार? चालवणार मी आहे."

"पहिल्यांदा येणाऱ्याच्या शेजारी आमचा माणूस बसतो. शिकवायला. नियम आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला शिकवणार! अर्ध्या गावाला मी गाडीवर बसवलंय आणि मला शिकवणार! पण औषधवालीने तिच्या डोक्यावर हेल्मेट बसवून पट्टा आवळला, त्यामुळे पुढचं सगळं हेल्मेटच्या आतच राहिलं.

शेजारी बसायला आला तो दातांचा डॉक्टर. अंगाने आडवा, आवाज मात्र लोण्यासारखा. वर्षानुवर्षं घाबरलेल्या माणसांना 'आ करा' म्हणून म्हणून तसा झाला असावा. "ताई, घाबरू नका," तो पट्टा लावत म्हणाला. "नजर लांब ठेवा. स्टिअरिंग घट्ट आवळू नका."

ही तिचीच वाक्यं होती. रोज सकाळी सातपासून ती हीच वाक्यं विकत होती. तिने दात आवळले. निशाण खाली आलं आणि गाडी सुटली.

पहिले दोन शंकू नीट गेले. तिसऱ्याजवळ रस्ता एकदम आत वळत होता. तिने मनाशी जागा ठरवली, इथवर जायचं आणि मग ब्रेक. ती तिथे पोचायच्या आधीच गाडीला मागून कुणी दोरी ओढावी तसा हिसका बसला. तिचा पाय तर ब्रेकवर नव्हताच. तिने शेजारी पाहिलं. डॉक्टरचा बूट त्या जादा ब्रेकवर होता.

तिने गाडी तिथेच, शंकूंच्या मधोमध उभी केली.

"उतरा!"

"ताई, घड्याळ चालू आहे..."

"घड्याळ गेलं खड्ड्यात! गाडी माझ्या हातात असताना तुम्ही ब्रेक दाबलातच कसा?"

"माफ करा," डॉक्टर ओशाळून म्हणाला. "पाय आपोआप गेला."

"मी दाबणारच होते!"

हे ओरडून झालं आणि ते शब्द तिला ओळखीचे वाटले. पाय आपोआप गेला, हे ती स्वतः किती जणांना म्हणाली असेल! आणि 'बाई, मी दाबणारच होते,' असं म्हणत औषधवाली याच गाडीत स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली होती. तेव्हा आपण तिला टिश्यूचा डबा पुढे केला होता. एवढंच. हे आठवल्याने राग निवला म्हणावं, तर तसं काही झालं नाही. उलट तो वाढला, कारण आता त्यातला काही स्वतःवरही काढायला हवा होता आणि तशी सवय नव्हती. निशाणवाले लांबून हात हलवत होते. मागे गाड्यांची रांग लागली होती.

"ते पेडल काढून टाका," डॉक्टर हळूच म्हणाला. "मग माझाही प्रश्न मिटेल."

वेल्डरकडून पाना घेऊन ती शेजारच्या सीटवर उलटी झाली, पाय दाराबाहेर, डोकं पेडलपाशी. गंजलेला बोल्ट हलेना. तिने त्याला दादाच्या वाटच्या चार शिव्या दिल्या, तेव्हा हलला.

दुसऱ्या फेरीत डॉक्टर हात गुडघ्यांत दाबून बसला होता. ब्रेक कुणी मारला नाही. तिने स्वतःच इतका मारला की गाडी वरातीसारखी चालली. वळण अजून दिसायचं होतं तोवर पाय ॲक्सिलरेटरवरून उठायचा. "फार आधी सोडताय," डॉक्टर म्हणाला, "पण आता मी कशाला बसू? तुम्ही एकट्या जा."

तिसऱ्या फेरीला ती एकटी निघाली, ती मनात समारंभ घेऊनच. तो हशा, तो झेरॉक्सवाल्याचा ठसका, ते 'आपल्या जागी'. तिने पाय खाली दाबला तो दाबलाच. पहिला शंकू उडाला. दुसरा बंपरखाली गेला आणि खरवडत थोडं अंतर बरोबर आला. पुढच्या वळणावर गाडी सरळ गवतात, तिथून परत धावपट्टीवर, मधला एक टप्पा गाळूनच. टप्पा गाळला की फेरी बाद.

परतल्यावर ती दार आपटून गाडीबाहेर आली आणि कुणाला बोलावं म्हणून तिने इकडे तिकडे पाहिलं. रोज रस्त्यावर ती सोय असे. मध्येच घुसणारा रिक्षावाला असे, फोनवर बोलणारा स्कूटरवाला असे, घाबरट विद्यार्थी तर हक्काचाच असे. इथे सपाट धावपट्टी होती. शंकूने मध्ये उडी मारली असं काही म्हणता येत नव्हतं.

ती चाकाला टेकून खाली बसली. औषधवाली चहा घेऊन आली आणि शेजारी बसली.

"कोणाला उडवत होतात, बाई?"

"दादाला."

"किती वेळा?"

"दोनदा." तिने चहाचा घोट घेतला. "तिसऱ्यांदा चुकला."

औषधवाली हसली नाही. "माझंही पहिल्यांदा तसंच झालं होतं," ती म्हणाली. "मी तुम्हाला उडवत होते."

बाईंनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग औषधवाली उठली, कपडे झटकत म्हणाली, "चला, रस्ता चालून बघू. सगळे आधी चालून बघतात. तुम्ही नुसत्या भांडत होतात, म्हणून राहिलं."

दोघी शंकूंमधून पायी फिरल्या. चालताना कळलं की मघाचं ते वळण दिसतं तितकं वाईट नाही, आधी बाहेरच्या बाजूला राहिलं तर आत वळायला मोप जागा आहे. आणि शेवटचा सरळ पट्टा चांगला लांब आहे, तिथे पाय उचलायचं काही कारणच नाही. ती दोनदा मागे जाऊन ते वळण पुन्हा चालली. चालताना दादाची आठवण झाली नाही.

शेवटच्या फेरीत राग होता, पण तो गाडीच्या पुढे धावत नव्हता. वळणाआधी गाडी बाहेर ठेवली, ठरवल्या जागी ब्रेक, आत, आणि बाहेर पडताना पाय खाली. मागचं चाक घसरलं, तिने स्टिअरिंग उलटं दिलं आणि गाडी सरळ झाली. मग तो पट्टा आला. काटा असा चढत गेला की या गाडीत तो कधी इतका वर गेलेला तिने पाहिला नव्हता. बिचारं इंजिन केकाटत होतं. दारं थडथडत होती. आपणही ओरडतोय हे तिला घड्याळाची रेघ ओलांडल्यावर कळलं.

एकही शंकू पडला नव्हता. फळ्यावर निकाल लागला तेव्हा ती शेवटून दुसरी होती. तिच्या खाली एकटा बेकरीवाला, त्याची गाडी सुरूच झाली नव्हती.

"शेवटून दुसरी!" ती भडकून म्हणाली. "परत कधी आहे?"

"महिन्याने," औषधवाली म्हणाली.

"एवढा उशीर?"

संध्याकाळी ती गाडी घेऊन शाळेच्या आवारात शिरली तर दादा फाटकातच उभा. पाठीमागे वहिनी. गाडीची पाटी मागच्या सीटवर आडवी पडलेली, बंपरला नारिंगी ओरखडे, चाकांना गवत. दादाने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, शेजारचं दार उघडून आत वाकला आणि ताठ झाला.

"ब्रेक कुठाय?"

"डिकीत."

"तू वेडी झालीयेस का? शाळेची गाडी आहे ती! उद्या सकाळी सातला विद्यार्थी आहे!"

"सातच्या आत लावते. काढता आला तसा लावताही येतो."

"गेली कुठे होतीस?"

"शर्यतीला. तुला आणून दाखवायला सायकल मिळाली नाही ना, म्हणून."

दादाला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. "त्या एवढ्याशा गमतीवरून? लोकांना हसवायला माणूस बोलतो काहीतरी!"

"वीस वर्षं एकच गंमत? मला मेलीला हसू येतंय की नाही हे एकदा तरी बघितलंस? तुझ्या तज्ज्ञासमोरही मला हेच नाव सांगणार होतास ना?"

"अहो, हळू," वहिनी म्हणाली. "आजूबाजूचे लोक ऐकतायत."

"ऐकू देत!" दोघं बहीणभाऊ एकदमच म्हणाले.

दादा गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग त्याचा आवाज खाली आला, पण धार गेली नव्हती. "तुला काय वाटतं, ऑफिसात बसायची मला हौस होती? बाबांनी गाडी तुला दिली, कारण मी दोन वेळा ठोकली होती. दुसऱ्यांदा विद्यार्थी शेजारी असताना. 'शिकवायचं काम तिचं, तू पावत्या फाड,' म्हणाले. गॅरेजवाल्यासमोर म्हणाले. ज्याच्या त्याच्या तोंडी तुझंच नाव. मग मी काय करणार होतो?"

ही गोष्ट तिला माहीत नव्हती. गाडी ठोकल्याचं माहीत होतं, पण वडील असं म्हणाल्याचं नाही. दादाला वाटलं असावं की आता ती विरघळेल. वहिनीलाही तसंच वाटलं, तिने सुस्कारासुद्धा सोडला.

"मग हे त्या दिवशी भाषणात का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. "सगळ्यांचे आभार मानलेस! खुर्च्यावाल्याचे मानलेस! बाबांनी गाडी हिच्यावर सोपवली, एवढं एक वाक्य जड झालं तुला? तुझी लाज झाकायला वीस वर्षं माझं हसं केलंस!"

दादाने बॉनेटवरचा हात काढून घेतला.

"हायवे कोर्सची एक बॅच माझी," ती म्हणाली. "नाहीतर पुढच्या महिन्यापासून दुसरी शाळा माझी. गावात जागा पुष्कळ आहे." आणि डिकीतून पेडल आणि पाना काढून तिने तिथेच, त्याच्या पायांशी, पाना फिरवायला घेतला.

तीन आठवडे दादा तिच्याशी बोलला नाही. निरोप वहिनीमार्फत यायचे. "ते म्हणतायत, गाडीचं ऑइल बदल." "ते म्हणतायत, गुरुवारची बॅच तू घे."

"त्यांना म्हणावं, हे स्वतः येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी दादा तिच्या दारात आला. चपला काढल्या नाहीत. "गुरुवारची बॅच तुझी," म्हणाला, आणि जिना उतरून गेला. माफी नाही, काही नाही. तिनेही पाणी विचारलं नाही. पण गुरुवारी बॅच घेतली. बाहेरून आलेला तज्ज्ञ बरा मुलगा निघाला. त्याला तिने सांगितलं की पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना हायवे आधी चालत दाखवायचा, कडेने. त्याला ते पटलं नाही. त्यावरून दोघांची बरीच वादावादी झाली.

तिने एक जुनी हिरवी गाडी घेतली. तिचं एक दार फक्त आतून उघडायचं. ती नेऊन पुढच्या महिन्यात धावपट्टीवर उभी राहिली, त्याच्या पुढच्याही महिन्यात.

त्या तिसऱ्या खेपेला तिची फेरी झाली आणि निशाणवाल्याने एक शंकू हलल्याचा इशारा केला. दंड. निशाण होतं डॉक्टरच्या हातात. ती हेल्मेट न काढताच तरातरा त्याच्याकडे चालत गेली.

"शंकू पडला नाही!"

"पडला नाही, ताई, पण जागेवरून सरकला. खडूची चौकट आहे ना, तिच्या बाहेर गेला."

"पूर्ण बाहेर गेला तर दंड. नियम वाचलाय मी. काठ अजून रेघेवर आहे."

"नाहीये."

"वाका आणि बघा!"

डॉक्टर वाकला. तीही वाकली. वाऱ्याने खडू पुसट झाला होता. दोघं हातापायांवर येऊन, नाकं धावपट्टीला लावून त्या शंकूच्या बुडाशी बघत राहिली. वेल्डर टेबलामागून ओरडले की ताई, पुढची गाडी थांबलीय. ती वर न बघताच म्हणाली की थांबू दे. औषधवाली लांबून चहाचा पेला उंचावून दाखवत होती. शेवटी वेल्डर पट्टी घेऊन आले, गुडघे धरत खाली बसले, मापलं आणि मान हलवली. करंगळीभर बाहेर होता.

"खडू नीट मारत जा," ती उठत म्हणाली. गुडघ्यांवरची धूळसुद्धा झटकली नाही. "माझी एक फेरी बाकी आहे." आणि आतून दार उघडायला खिडकीतून हात घालत ती हिरव्या गाडीत शिरली आणि रांगेत जाऊन लागली.